गाडी येईपर्यंत काय?

(गावोगावच्या बैठकांत आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गुड्यात, पोडात, तांड्यात आम्हाला पोचता आलं नाही तिथल्यांनी तो बैठकीत कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यावा.)



जमलेल्या आयांनो, बायांनो, दादांनो अन् मागं उभ्या असलेल्या पोरांनो,

दरवेळी आम्ही उभं राहिलो की तुम्ही दाव्याची फाईल काढून मांडीवर ठेवता. आज फाईल पिशवीतच राहू द्या. आज दुसऱ्या कामाचं बोलायचं आहे. पण सुरुवात एका दाव्यापासूनच करावी लागते.

आमच्या गुड्यातले एक मामा होते. वनहक्काचा दावा टाकलेला, प्लॉटवर तीस वर्षांचा वहिवाट. पेरणीच्या आधी वखर चालू होता. सकाळपासून ते म्हणत होते की छाती जड झाली, पित्त झालं असेल. दुपारी बांधावर बसले अन् बसल्या जागी आडवे झाले. आवाज दिला तर ओ नाही. आम्ही धावत गेलो. मोजून चौदा माणसं जमली. एकानं कांदा फोडून नाकाला लावला. एकानं चप्पल हुंगवली. एकानं तोंडात पाणी ओतलं, ते गालावरून खाली गेलं. कुणी तळपाय घासत होतं. मामा मधूनमधून माशासारखं तोंड उघडून आचका देत होते, तर आम्हाला वाटलं श्वास चालू आहे, जीव आहे. एक पोरगा रेंजसाठी टेकडीवर पळाला. गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. डॉक्टरनं बघितलं अन् मान हलवली.

चौदा माणसं, अठ्ठावीस हात. त्यातला एकही हात मामाच्या छातीवर पडला नाही. कारण आम्हाला माहीतच नव्हतं. आमच्यातले चौघं बारावी पास होते, दोघं सायन्सचे. हृदयाची आकृती काढून आम्ही पाच मार्क घेतलेले आहेत.

आता मामी तो दावा पुढं नेत आहे. कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो म्हणून तिचं नाव आधीपासूनच होतं, एवढं बरं. पण मामी आम्हाला एक विचारते, "तुम्ही तिथं होते ना रे?" या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नाही. म्हणून आम्ही शिकून घेतलं, अन् जे शिकलो ते सांगत गावं फिरतो आहोत.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. लोक सगळ्यालाच "अटॅक आला" म्हणतात. अटॅक म्हणजे हृदयाला रक्त नेणारी नळी तुंबते. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दाबल्यासारखं होतं, डाव्या हाताला, जबड्याला, पाठीला कळ जाते, घाम सुटतो. बायांना अन् साखरेच्या पेशंटला कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं. ही वेळ दवाखाना गाठायची. अशा माणसाला चालवायचं नाही, वखर सोडून "घरापर्यंत चल" म्हणायचं नाही. बसवून ठेवायचं अन् गाडी बोलवायची. ईसीजीची पट्टी काढल्याशिवाय पित्त म्हणून परत पाठवू देऊ नका, पट्टी काढा म्हणून सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे हृदय बंद पडणं. मामाचं आधी पहिलं झालं, त्यातून दुसरं झालं. यात माणूस धपकन पडतो, हाक मारली, खांदा हलवला तरी ओ देत नाही, अन् श्वास नीट चालत नाही. तो जो आचका आम्ही बघितला, तो श्वास नव्हता. हे ध्यानात ठेवा, यातच आम्ही फसलो. आचके म्हणजे हृदय थांबल्याची खूण. मेंदूला चार-सहा मिनिटं रक्त मिळालं नाही की तो खराब व्हायला लागतो. विजेचा शॉक देऊन हृदय चालू करायचं यंत्र असतं, पण त्याला उशीर झाला अन् कुणी छातीही दाबली नाही तर जगायची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी कमी होत जाते. हिशोब तुम्हीच करा. आपल्याकडं गाडी यायला किती मिनिटं लागतात?

१०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. सुरू झाली तेव्हा साऱ्या राज्याला मिळून ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ मोठ्या सोयीच्या. २०११ च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी. म्हणजे एका गाडीमागं जवळपास एक लाख वीस हजार माणसं. लातूर शहरात किंवा नांदेडच्या वजिराबादेत गाडी दारात येते, रस्ता डांबरी, घराला नंबर. आमच्या गुड्याला नंबर नाही. "मोहाच्या झाडापासून डावीकडं" हा आमचा पत्ता. किनवटहून नांदेडचं मेडिकल कॉलेज सव्वाशे किलोमीटरच्या वर. म्हणून आपली माणसं राज्याची हद्द ओलांडून आदिलाबादला जातात, माहूरवाले यवतमाळ गाठतात. बाजेवरून डांबरी रस्त्यापर्यंत आणण्यातच निम्मा जीव जातो.

मग खरं बोलायचं तर असं आहे. ज्याचं हृदय अटॅकनं बंद पडलं अन् शॉकचं यंत्र तासाभराच्या पल्ल्यावर आहे, त्याला नुसती छाती दाबून वाचवणं फार अवघड. आम्ही दाबली असती तरी मामा वाचलेच असते असं आम्ही म्हणत नाही. हे एका डॉक्टर ताईंनी आम्हाला तोंडावर सांगितलं अन् आम्ही खट्टू झालो. मग शिकायचं तरी कशाला, असं आम्ही विचारलं. तर त्या म्हणाल्या, तुमच्याकडं माणसं फक्त अटॅकनं मरतात का?

तेव्हा आम्ही बसून मोजायला लागलो. पावसाच्या तोंडावर वीज पडते, शेळ्या राखणारी पोरं झाडाखाली असतात. रानडुकरासाठी कुंपणात करंट सोडतात, त्यात माणूस सापडतो. मोटारीच्या पेटीला ओला हात लागतो. पैनगंगेत, शेततळ्यात पोरं बुडतात. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. ही सगळी तरणी माणसं, धडधाकट. यांचं हृदय मुळात खराब नसतं. कुणाचं झटक्यानं थांबतं, कुणाचा आधी श्वास थांबतो अन् मग हृदय. इथं शेजारच्या माणसानं हात लावला तर जीव परत येऊ शकतो, गाडी उशिरा आली तरी. आपल्या भागात हे शिकायचं खरं कारण ते आहे.

वीज पडल्यावर काय करायचं ते नीट ऐका, कारण याबाबतीत आपण उलटं वागतो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला भ्यायचं कारण नाही. चार जणांवर वीज पडली, तिघं कण्हतात, एक गप्प पडला आहे, तर आपण कण्हणाऱ्याकडं धावतो अन् गप्प पडलेल्यावर पटका टाकतो. कण्हणारा श्वास घेतो आहे, तो थांबू शकतो. आधी गप्प पडलेल्याकडं जा. तारेच्या करंटचं मात्र वेगळं. तिथं आधी बटन बंद करा, डीपी पाडा, मगच हात लावा, नाहीतर एकाचे दोन होतील.

बुडालेल्या पोराला उलटं टांगतात, पोटावर दाबून पाणी काढतात. त्यात वेळ जातो. पोराला श्वास पाहिजे. उताणं निजवा, कपाळ मागं, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा अन् तोंडानं श्वास भरा, छाती वर आली पाहिजे. आधी श्वास, मग छाती दाबणं. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे.

मण्यारीचं विष नसा ढिल्या करतं. चावलेलं फार दुखतही नाही. पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, मग छातीचे स्नायू थकतात अन् श्वास थांबतो. हृदय थोडा वेळ चालूच असतं. अशा माणसाला तोंडानं श्वास देत देत दवाखान्यात नेलं तर तिथं यंत्रावर ठेवून वाचवता येतं. ब्लेडनं चिरून, दोरी आवळून काही होत नाही, सापाचं औषध दवाखान्यातच. फवारणीचं विष पोटात गेलेल्याला मात्र तोंडाला तोंड लावू नका, ते तुम्हालाही बाधेल. त्याची नुसती छाती दाबा.

आता छाती दाबायची कशी. माणूस कडक जमिनीवर उताणा पाहिजे. बाजेवर नको, बाज झोल खाते. दोन्ही स्तनांच्या मधोमध, हाडावर, तळहाताची टाच ठेवायची. दुसरा हात त्यावर. कोपर ताठ. आपल्या अंगाचा भार टाकून दोन इंच खाली दाबायचं अन् पूर्ण सोडायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. लोकांना हा आकडा कळत नाही, म्हणून आम्ही ढोलावर मोजून बघितलं. ढेमशाची चाल संथ सुरू असते तेव्हा ती कमी पडते, पोरं रंगात आली की बरोबर बसते. बायांनी मुसळ कांडताना दोघी मिळून जी घाई करतात ती धरली. ज्याला जे जमेल ते धरा. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून आळीपाळीनं करा. आम्ही चौदा होतो, गाडी येईपर्यंत पुरलो असतो.

लोकांना दाबताना भीती वाटते की बरगडी मोडेल. मोडेलही. बरगडी जुळते. शहाणे डॉक्टर लोक साध्या माणसाला नुसती छाती दाबायलाच शिकवतात, श्वास जमत नसेल तर तेवढंही चालतं. पण बुडालेला, साप चावलेला अन् लहान लेकरू असेल तर श्वास जमवाच.

दुसरी भीती पोलिसाची. हात लावला अन् माणूस मेला तर केस आपल्यावर, असं सगळे म्हणतात. आपल्या लोकांवर आधीच जंगलखात्याच्या केसा आहेत, भीती खोटी नाही. पण रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यासाठी सुप्रीम कोर्टानं २०१६ साली नियमांना मान्यता दिली अन् २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर त्यापायी खटला होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. हे कलम फळ्यावर लिहून ठेवा.

भगताबद्दल विचारतात. आम्ही भगताच्या विरोधात नाही. आमच्या एका गावात भगताच्या पोरालाच पहिल्यांदा शिकवलं. आता भगत मंत्र म्हणतो अन् पोरगा छाती दाबायचं शिकवतो, दोघांचं भांडण नाही. वेळ मात्र आधी हातांना द्यायची.

"अनाडी माणसाला हे जमेल का?" असं गुरुजी लोक विचारतात, तर त्यांना गडचिरोली दाखवा. तिथं डॉक्टर अभय बंग अन् राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना बाळंतीण अन् बाळ सांभाळायला शिकवलं. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पिशवी-मुखवट्यानं श्वास द्यायला शिकवलं. ३९ गावांत हे केलं अन् तिसऱ्या वर्षी बाळांचं मरण ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ साली हे 'लॅन्सेट' नावाच्या विलायतेच्या मोठ्या डॉक्टरी साप्ताहिकात छापून आलं. आज आशाताई घरोघरी बाळ बघायला येते ते त्यातूनच पुढं आलं. म्हणजे आपल्यासारख्याच गावच्या, आपल्यासारख्याच बायांनी थांबलेला श्वास चालू केलेला आहे.

अन् आपल्या मराठवाड्याचंच बघा. डॉक्टर हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरिबाच्या घरचे. ते कोकणात महाडकडं सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा लाल विंचवानं माणसं पटापट मरत होती. विंचवाचं विष हृदयावरच जातं, छातीत पाणी भरतं, फेस येतो. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून बघितलं अन् रक्तदाबाची साधी प्राझोसिनची गोळी लागू पडते हे दाखवलं. महागडं काही नाही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या उपकेंद्रात ही गोळी आहे का, एवढं उद्याच विचारून या.

आता गाडीचं. बंगालमध्ये जलपायगुडीकडं करीमुल हक नावाचे चहाच्या मळ्यातले मजूर आहेत. गाडी मिळाली नाही म्हणून त्यांची आई गेली. पुढं मळ्यातला सोबती कोसळला तर त्यांनी त्याला मोटारसायकलवर पाठीशी बांधून दवाखान्यात नेलं. तेव्हापासून त्यांची मोटारसायकल म्हणजे गावाची अॅम्ब्युलन्स. २०१७ साली पद्मश्री मिळाली. आमच्या पोरांना हे ऐकून चेव चढतो, "आपणपण करू" म्हणतात. करा. ताप, हगवण, साप, अडलेली बाई, पाय मोडलेला, यांना मोटारसायकल रस्त्यापर्यंत तरी नेते. पण हृदय बंद पडलेल्या माणसाला दोघांच्या मधी बसवून पळवू नका. तेवढा वेळ छाती कोण दाबणार? त्याला पडल्या जागी दाबायला सुरू करा अन् गाडी तिथं येऊ द्या.

प्रत्येक गावात गाड्या आहेत. कुणाची पिकअप, कुणाची काळीपिवळी, कुणाचा ट्रॅक्टर. आम्ही म्हणतो, कोणत्या रात्री कुणाची गाडी हे ठरवून फळ्यावर लिहा. डिझेलचे पैसे ग्रामसभेनं द्यावेत. पेसातल्या गावांना पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आरोग्यावर खर्च करायला तो मोकळा आहे. कोषसमितीची वही उघडा. गावाचा पैसा गावानं ठरवून खर्च करता येतो हे मेंढा लेखानं बांबू विकून दाखवलेलं आहे. बाजेऐवजी बांबूचं स्ट्रेचर करा, दोन बांबू अन् खताच्या दोन पोत्यांत होतं.

इथं आपलेच काही जुने कार्यकर्ते आम्हाला रागावतात. म्हणतात, सरकारचं काम तुम्ही अंगावर घेता, मग सरकार म्हणेल यांचं भागतंय. त्यांचं बोलणं आम्ही मनावर घेतलं आहे. आपण गाडी चालवतो म्हणून सरकारची गाडी माफ नाही. म्हणून प्रत्येक गावानं एक वही ठेवायची. माणूस कधी पडला, फोन कधी लावला, लागला का, गाडी कधी आली, दवाखान्यात कधी पोचला, डॉक्टर होता का. घड्याळ बघून लिहायचं, दोघांची सही घ्यायची. दाव्याला पुरावा लागतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वर्षभराच्या वह्या घेऊन आपण जिल्ह्याला बसू.

अन् रस्ता. जंगलातून गाडीचा रस्ता मागितला की उत्तर येतं, ही वनजमीन आहे. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून वाचा. दवाखाना, रस्ता, अंगणवाडी, पाण्याची टाकी अशा तेरा कामांसाठी एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, अन् ग्रामसभेची शिफारस लागते. शिफारस आपलीच आहे. आपण कसायची जमीन मागतो तसा हा रस्ताही मागायचा. किती गावांनी असा ठराव घेतला? हात वर करा म्हटलं तर गेल्या सहा बैठकांत दोनच हात वर आले.

किल्लारीचं सांगून थांबतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत भूकंप झाला. लष्कर आलं, जगभरातून मदत आली, पण ती नंतर. पहिले काही तास दगडमातीखालून माणसं काढली ती शेजाऱ्यांनी, नखांनी उकरून. आमच्या वयाची कुणी तेव्हा जन्मलेली नव्हती, पण लातूरकडं ऊसतोडीला गेलेल्या आमच्या आजानं हे किल्लारीच्या माणसांकडून ऐकलेलं.

पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर शिकवणं आहे. बाहुली विकत आणायला पैसे नाहीत, म्हणून पोत्यात भुसा भरून, वरून सुतळीनं आवळून आम्ही चार बाहुल्या केल्या आहेत. दाबल्यावर दोन इंच जातात, मोजलं आहे. ढोलवाल्यांनी ढोल आणावा. गाडीवाल्यांनी आपला फोन नंबर लिहून आणावा, अन् कोणती रात्र जमते तेही. आशाताईंना सांगितलं आहे. बायांनी मागं बसायचं नाही, दिवसा गावात बायाच असतात. मामी येणार आहे, तिचा नंबर पहिला.